चालतं घर आणि चूल

गेल्या डिसेंबरात आम्ही अकरा जण लातूरहून आग्र्यापर्यंत रस्त्याने जाऊन आलो. बारा दिवस, सुमारे २६०० किलोमीटर. प्रवासाचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहेत. मला लिहायचं आहे ते त्याआधीच्या दोन महिन्यांबद्दल. त्या दोन महिन्यांत आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नाच्या वेळीही झाली नसेल. आणि खरं सांगायचं तर मला जे शिकायला मिळालं ते ताजमहालासमोर नाही, त्या चर्चेतच मिळालं.

सुरुवात मुलांनी केली. माझा मुलगा सातवीत आहे. त्याने मोबाईलवर परदेशातली ती मोठी गाडी पाहिली, जिच्यात पलंग, चूल, न्हाणीघर सगळं असतं. माणसं महिना-महिना त्यातच राहतात, बर्फातसुद्धा फिरतात. "अम्मी, आपण पण असंच जाऊया ना, घर घेऊन!" आपल्या सरकारनेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, हे त्याला कुठूनतरी कळलं होतं. पण अशा गाडीत चार-सहा जणांची झोपायची सोय. आम्ही अकरा. नांदेडहून भाईजान, भाबी आणि त्यांची तीन मुलं, आमचे चार, आणि दोन म्हाताऱ्या बहिणी, म्हणजे माझी अम्मी आणि खाला. शेवटी ठरली ती आपली नेहमीची टेम्पो ट्रॅव्हलर, सतरा सीटची. मागची रांग सामानाला आणि अंथरुणांना. तेच आमचं चालतं घर.

भाईजानने दोन दिवसांत आराखडा करून आणला. नऊ दिवस. औरंगाबाद, खुलताबाद, बुऱ्हाणपूर, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली आणि नागपूरमार्गे परत. लॉजचा खर्च वाचवायला दोन-तीन रात्री गाडीतच काढायच्या. जेवणाचा खर्च वाचवायला शेगडी आणि पाच किलोचा छोटा सिलिंडर सोबत घ्यायचा. शिवाय बाहेर हलालचा प्रश्न असतो, तोही मिटेल. कागदावर सगळं छान दिसत होतं. माझे शौहर आणि भाईजान नकाशावर बोट फिरवत होते, मुलं उड्या मारत होती.

मी आणि भाबीने दुसरी यादी करायला घेतली. तांदूळ, तूरडाळ, ज्वारीचं पीठ, तेल, मसाल्याचा डबा, परात, तवा, दोन पातेली, कुकर, चहाची भांडी, ताटं, भांडी घासायची पावडर. वहीची दोन पानं भरली. भाबीने पेन खाली ठेवलं आणि हळूच म्हणाली, "वहाँ जाके भी पकानाच है, तो मैं घर मेंच रहती."

ती रागावली नव्हती. म्हणूनच मला ते लागलं. भाबीच्या लग्नाला अठरा वर्षं झाली. त्या अठरा वर्षांत मी तिला कुणाच्या घरी पाहुणी म्हणून नुसती बसलेली पाहिलेली नाही. लग्नघरात असो की मय्यतीच्या घरात, ती स्वयंपाकघरातच सापडते. आणि आता आम्ही तिला सुट्टीवर नेत होतो, चुलीसकट.

अम्मी शेजारीच तसबीह घेऊन बसली होती. ती इतकंच म्हणाली, "मेरेकू नक्को बाबा, तुम लोगां जाव."

का नको, ते ती सांगेना. मी रात्री तिच्याजवळ जाऊन बसले तेव्हा बोलली. आमचं माहेर औशाचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. आमचं घर उभं राहिलं, पण भिंतींना भेगा गेल्या होत्या. त्यानंतर दोन महिने आम्ही अंगणात ताडपत्रीखाली झोपलो. माझ्या आठवणीत ते दिवस भीतीचे आहेत, पण थोडे गमतीचेही आहेत, कारण आम्ही मुलं रात्री तारे मोजायचो. अम्मीच्या आठवणीत ते दिवस वेगळेच आहेत. तीन दगडांची चूल, पावसाने भिजलेली लाकडं, आडोसा नाही म्हणून पहाटे अंधारातच उरकावं लागणारं सगळं. "घराबाहेर राहायचं म्हणजे काय, ते मी एकदा बघितलंय," ती म्हणाली.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, तीही मी खोदून विचारलं तेव्हा. प्रवासात ती पाणी पीत नाही. जायचं कुठे, ही चिंता असते म्हणून. दोन वर्षांपूर्वी हैदराबादच्या लग्नाला जाताना तिने सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोन घोट पाणी प्यायलं होतं. परत आल्यावर आठ दिवस ताप आणि जळजळ. डॉक्टरांनी लघवीचा जंतुसंसर्ग सांगितला, वर तिला साखरेचा आजार. आम्ही सगळे म्हणत होतो की लग्नातलं जेवण बाधलं. कारण आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, आणि सांगायची तिला लाज वाटत होती.

भगिनींनो, हे मी मुद्दाम लिहिते आहे. तुमच्या घरातही अशी एखादी अम्मी, सासू, नानी असेल. तिला विचारा. ती आपणहून सांगणार नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा बैठक बसली. माझे शौहर म्हणाले, "तिघे जण जरी सफरीला निघाले तरी त्यांनी एकाला अमीर करावं, अशी हदीस आहे. आपण तर अकरा आहोत. आधी अमीर ठरवू, मग रस्ता." भाईजानने घसा खाकरला. आम्हा सगळ्यांना वाटलं, हेच होणार. तेवढ्यात माझी मुलगी म्हणाली, "नानी!" पोरं हसली. भाईजान मात्र हसला नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि अम्मीला म्हणाला, "रस्ता मी सांगतो, फैसला तुम्ही करा. तुम्हाला जमेल तेच सगळ्यांना जमेल." अम्मीने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा खालाने तिच्या पाठीवर थाप मारली.

अमीर झाल्यावर अम्मीने पहिला प्रश्न विचारला तो सिलिंडरचा. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या रेल्वेच्या डब्याला आग लागली होती. लखनौहून निघालेली माणसं होती. डब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरने घात केला, नऊ जण गेले. अम्मीने ती बातमी टीव्हीवर पाहिली होती आणि लक्षात ठेवली होती. "पोरं गाडीत असताना गॅस नाही." झालं, शेगडी गेली. शेगडी गेली तशी परात, तवा, कुकर, सगळी दोन पानं गेली. भाबीने वहीतली ती पानं फाडली नाहीत, नुसती दुमडली. पण तिचा चेहरा मी पाहिला.

मग खायचं काय? घरून चार दिवस टिकेल असं घ्यायचं: धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे लाडू, खजूर, फुटाणे. हे करायला भाबी, मी आणि दोन्ही मुली बसलो आणि लाडू वळायला अम्मीने नातवांनाही बसवलं. पुढे ढाब्यावर डाळ-रोटी आणि भाजी खायची, म्हणजे हलालची शंका नाही. बुऱ्हाणपूर, इंदूर, आग्रा अशा ठिकाणी आपल्या वस्तीत खात्रीची हॉटेलं असतातच. दोन मोठे थर्मास घ्यायचे, सकाळी लॉजवर चहा आणि गरम पाणी भरून घ्यायचं. हिवाळ्यात थर्माससारखी दुसरी चीज नाही.

दुसरा प्रश्न झोपेचा. गाडीत झोपायचं नाही. अकरा माणसं बसल्या-बसल्या झोपणार म्हणजे काही झोप नव्हे, आणि मध्य प्रदेशातली डिसेंबरची रात्र पत्र्याच्या गाडीत काढणं म्हातारपणी परवडणारं नाही. अम्मीने आणखी एक गोष्ट विचारली जी आमच्यापैकी कुणालाच सुचली नव्हती. "आणि ड्रायव्हर कुठे झोपणार?" सगळीकडे तो गाडीतच झोपतो, असं भाईजान म्हणाला. "मग दिवसा आपल्याला घेऊन जाताना तो जागा कसा राहणार?"

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, आणि सलग पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती. हा कायदा मी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात वाचला होता आणि विसरलेही होते. आमच्या आराखड्यात इंदूर ते ग्वाल्हेर एका दिवसात होतं, सुमारे पाचशे किलोमीटर. ट्रकांच्या गर्दीत ते दहा-बारा तासांचं काम. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ च्या रात्री बस पेटून पंचवीस जण गेले, ती बातमी मराठवाड्यात कोण विसरलं असेल? तेव्हा ठरलं की अंधारात गाडी चालणार नाही, दिवसात साधारण तीनशे किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि ड्रायव्हरभाईला खोलीत पलंग आणि दोन रजया.

इथे खरी अडचण आली, पैशांची. गाडीवाल्याचा दर किलोमीटरला २६ रुपये, आणि दिवसाला किमान ३०० किलोमीटरचं बिल, गाडी चालो वा उभी राहो. जुना आराखडा दिल्लीसह नऊ दिवसांत ३०६० किलोमीटरचा होता. अम्मीच्या चालीने जायचं तर बारा दिवस लागत होते, म्हणजे ३६०० किलोमीटरचं बिल, आणि दिल्ली नाहीच. वरचे १४ हजार रुपये, ड्रायव्हरचा तीन दिवसांचा भत्ता, तीन रात्रींच्या खोल्या. भाईजान हिशेब मांडून म्हणाला, "जास्त पैसे देऊन कमी बघायचं?"

त्याचं चुकीचं नव्हतं. तोही पगारदार माणूस. आमच्या घरात अशा वेळी नेहमी काय होतं? म्हातारं माणूस म्हणतं, मी राहते घरी, तुम्ही फिरून या. आणि सगळे थोडा आग्रह करून ते मान्य करतात. अम्मी तेच बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात भाबी म्हणाली, "दिल्ली पुन्हा बघू. अम्मी पुन्हा कधी येणार?" भाबी भाईजानच्या विरुद्ध चारचौघांत बोलल्याचं मला आठवत नाही. भाईजानने कागद घडी करून खिशात ठेवला. मुलांची नवी जॅकेटं रद्द झाली, स्वेटर मावसभावंडांकडून मागून आणले, खोल्या तीनऐवजी दोन मोठ्या घ्यायच्या ठरल्या: एक बायकांची, एक पुरुषांची. वाढीव खर्च दोन घरांत वाटला. सोपा नव्हता, पण निभावला.

वेळापत्रक बसवताना माझ्या मुलाने एक चूक पकडली. जुन्या आराखड्यात आम्ही शुक्रवारी ताजमहाल पाहणार होतो. शुक्रवारी ताजमहाल पर्यटकांसाठी बंद असतो! बाराशे-तेराशे किलोमीटर जाऊन बंद दरवाजा पाहिला असता. मग वाटेत गुन्याला एक मुक्काम वाढवला, जुमा ग्वाल्हेरला पढायचा आणि तिथून १२० किलोमीटरवरचं आग्रा मगरिबच्या आत गाठायचं, असं बसवलं. डिसेंबरच्या शेवटी तिकडे धुकं इतकं दाट असतं की पन्नास मीटरवरचं दिसत नाही. आग्रा-दिल्लीच्या यमुना एक्स्प्रेसवेवर तर हिवाळ्यात गाड्यांची वेगमर्यादाच कमी करतात. म्हणून चंबळच्या पलीकडे फक्त भर दुपारी चालायचं, हा नियम केला.

नमाजीनेही आमचं वेळापत्रक सोपं केलं, हे मला लिहिलंच पाहिजे. आपल्या हनफी मसलकाप्रमाणे सुमारे ७८ किलोमीटरच्या पुढच्या सफरीवर निघालेला, एका ठिकाणी पंधरा दिवस न थांबणारा माणूस मुसाफिर, त्याला जुहर, असर, इशाचे चार फर्ज दोन होतात. ही सवलत मी वर्गात कितीदा समजावली असेल. पण ती का आहे, हे नकाशा समोर घेऊन बसले तेव्हा उमजलं. अल्लाहने मुसाफिराचा थकवा हिशेबात धरला आहे. मग आपण आपल्याच माणसांचा का धरू नये? जुहरला मोठी विश्रांती, असरच्या सुमाराला मुक्काम. मधे दर दोन तासांनी पेट्रोल पंपावर गाडी थांबणार, कुणी मागो वा न मागो. हा नियम अम्मीचाच. "विचारलं की बायका नाही म्हणतात. म्हणून विचारायचंच नाही, थांबायचं." आधी दोघी मुली उतरून शौचालय बघून येणार, ठीक नसेल तर पुढचा पंप.

पाण्याचं आम्हा लातूरकरांना कुणी शिकवायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आमच्यासाठी रेल्वेने पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात एका लोट्यात वुजू कसा होतो, ते आमच्या पोरांनीही शिकून घेतलं. तोटी असलेला वीस लिटरचा कॅन मागच्या दाराशी बांधला आणि रोज सकाळी भरायचं काम मुलांकडे दिलं. इन्सुलिनसाठी बर्फाचा छोटा डबा, गोळ्यांची दोन पाकिटं (एक अम्मीच्या पिशवीत, एक माझ्या), गुडघ्यांसाठी गरम पाण्याची पिशवी. भाईजानने गाडीची पिवळी नंबरप्लेट, परमिट आणि विमा तपासला. बिस्मिल्लाह करून शनिवारी फजरनंतर निघालो.

प्रवासाचं सगळं सांगत बसत नाही. बुऱ्हाणपूरचं मात्र सांगते. तिथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृतातही शिलालेख आहे. दोन भाषा शिकवणारी मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. मग तापीच्या पलीकडे आहूखान्यात गेलो. मुमताज महल १६३१ च्या जूनमध्ये बुऱ्हाणपुरात वारली, चौदाव्या बाळंतपणात. शाहजहान दख्खनच्या मोहिमेवर होता आणि ती सोबत होती. तिला आधी इथेच दफन केलं. सहा महिन्यांनी, त्याच डिसेंबरात, तिचा जनाजा आग्र्याकडे निघाला. म्हणजे ज्या बाजूला आमची गाडी चालली होती, त्याच बाजूला, त्याच थंडीत.

मी मुलांना सांगत होते की मुघलांची छावणी म्हणजे चालतं शहर असायचं. तंबूंचे दोन संच असत. बादशहा एका मुक्कामी असताना दुसरा संच, पेशखाना, पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राहायचा, म्हणजे पोचल्यावर सगळं तयार. मुलं म्हणाली, "मग आपल्या गाडीपेक्षा भारीच!" अम्मी त्या पडक्या भिंतींकडे बघत होती. म्हणाली, "सगळं होतं तिच्याकडे. पण चौदावं बाळंतपण, तेही सफरीत. तिला घरी आराम कर असं कुणी म्हटलं असेल का?" उत्तर आमच्याकुणाकडे नव्हतं. भाबीने अम्मीचा हात धरला आणि दोघी गाडीकडे चालू लागल्या.

आग्र्याला शनिवारी सकाळी आत गेलो तेव्हा ताजमहाल दिसतच नव्हता. समोर पांढरं धुकं होतं. आधीचा आराखडा असता तर दिल्लीची घाई होती, तासाभरात निघावं लागलं असतं. आता घाई नव्हती. बाकावर बसून राहिलो. अकराच्या सुमाराला धुकं हळूहळू विरलं आणि तो आपसूक समोर आला. खाला रडली. अम्मी दरूद पढत होती.

पण माझ्या लक्षात राहिलेलं दृश्य ते नाही. परतीच्या वाटेवर, ललितपूरच्या पुढे, दुपारच्या उन्हात मी मागे वळून पाहिलं. भाबी खिडकीला डोकं टेकून झोपली होती, तोंड थोडं उघडं, शाल घसरलेली. भर दुपारी, सगळी माणसं जागी असताना. मी मुलांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. शेजारी अम्मी थर्मासच्या झाकणात चहा पीत होती. दुसरा कप. तिने मला खूण केली: पुढच्या पंपावर थांबायचंय.

नागपूर, यवतमाळ करत बाराव्या दिवशी नांदेडला पोचलो. दारात गाडी थांबताच भाबीने सवयीने पदर खोचला आणि स्वयंपाकघराकडे वळली. अम्मीने तिला हाक मारली. "अभी मैं अमीर हूँ. सफर संपलेली नाही, या लोकांना लातूर गाठायचंय." मग भाईजानकडे आणि माझ्या शौहरांकडे बघून म्हणाली, "खिचडी लावा."

दोघांनी लावली. थोडी करपली होती. अल्हम्दुलिल्लाह, सगळ्यांनी पोटभर खाल्ली.